घंटा गेल्या रोमला!

ब्रसेल्सच्या फ्रेंच बोलणाऱ्या घरांत ईस्टरची अंडी ससा नाही, चर्चच्या घंटा आणतात! गुरुवारी त्या उडत रोमला जातात आणि रविवारी परतताना बागेत चॉकलेटची अंडी टाकतात, असं मुलांना सांगतात. मधले दिवस चर्चमध्ये शोक म्हणून घंटा वाजत नाहीत, त्याची ही गोड गोष्ट.

माझी मावसबहीण तिथे आयटीत आहे. मी तिच्याकडे गेले, ती नेमकी ईस्टरला. शनिवारी सकाळी ताई म्हणाली, "बूट घाल, आज चॉकलेटची वारी." नियम एकच. प्रत्येक दुकानात एकेकच प्रालीन घ्यायचं. प्रालीन म्हणजे आत मऊ सारण असलेलं चॉकलेट, आपल्या मोदकाचं लांबचं भावंड!

आधी 'मेरी', 1919 पासूनचं दुकान. मग 'नॉयहाउस'. 1857 मध्ये इथे चक्क औषधांचं दुकान होतं. कडू औषधांना चॉकलेटचा मुलामा द्यायचे म्हणे! त्या नॉयहाउस आजोबांच्या नातवाने 1912 मध्ये औषधाच्या जागी सारण भरलं आणि प्रालीन जन्माला आलं. शेवटी 'पिएर मार्कोलिनी'. हे दुकान कसलं, ज्वेलरी शोरूमच! सगळीकडे काचेमागे अंडी, कोंबड्या आणि रिबिनी बांधलेल्या घंटा. पूर्वी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाला अंडी चालत नसत. पण कोंबड्यांना कोण सांगणार? साठलेली अंडी मग सणाला निघायची.

"तुला एवढी चॉकलेटं कधीपासून आवडायला लागली?" मी विचारलं.

"चॉकलेटसाठी नाही गं," ताई म्हणाली. "पहिल्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधले सगळे घरी पळाले. सोमवारी सुट्टी. शनिवारी अशीच एका दुकानात शिरले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, डार्क की मिल्क? त्या तीन दिवसांत माझ्याशी कुणी बोललं ते तेवढंच."

मी गप्प. फोनवर ही बया दर रविवारी "मस्त चाललंय" म्हणायची!

परदेशात दिवाळीला घर आठवतं, हे सगळेच सांगतात. पण दिवाळीला निदान फोन असतात, महाराष्ट्र मंडळ असतं, आईचं फराळाचं पार्सल असतं. खरं एकटं वाटतं ते त्यांच्या सणाला. अख्खं शहर कुणाकडे तरी जेवायला गेलेलं असतं आणि आपल्याला बोलावणं नसतं. ताईने बोलावण्याची वाट पाहणं सोडलं आणि स्वतःपुरता एक ईस्टर तयार केला. आता काउंटरवरच्या बाई तिला ओळखतात. "डार्क ना?" एवढंच विचारतात.

तुम्ही ब्रसेल्सला जाल तेव्हा ही वारी जरूर करा. पण त्याआधी गणपती येतील. तुमच्या ऑफिसात पाटण्याहून, इम्फाळहून आलेलं, पीजीत राहणारं कुणीतरी असेलच. त्यांना आरतीला बोलवा. एक मोदक जास्त लागेल, बास!