शॉक, धक्का आणि सलाईन

मराठीत 'धक्का' या शब्दावर फार ओझे आहे. बंदराला धक्का असतो, गर्दीत धक्का लागतो आणि निधनवार्तेत माणसे 'हृदयविकाराच्या तीव्र धक्क्याने' जातात. वैद्यकातला 'शॉक' यांपैकी कशातच बसत नाही. झटक्यानंतर हृदय इतके दुबळे होते की रक्तदाब कोसळतो, हातपाय गार पडतात, लघवी आटते. त्या अवस्थेचे ते नाव. नातेवाईक आणि डॉक्टर एकच शब्द उच्चारतात, अर्थ मात्र दोन असतात.

ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी असलेल्या आळे गावाचा फाटा म्हणजे आळेफाटा. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे रस्ते तिथे एकमेकांस छेदतात. तेथील एका दवाखान्यात आमच्या नात्यातील वडीलधारे गृहस्थ अशाच अवस्थेत आणले गेले, तेव्हा आम्ही सोबत होतो. मंडळींचे म्हणणे एकच: "डॉक्टरसाहेब, आधी सलाईन लावा." आपल्या खेड्यापाड्यांत सलाईन ही उपचार सुरू झाल्याची खूण आहे, बाटली टांगलेली दिसली की जीव भांड्यात पडतो. डॉक्टरांनी मात्र रुग्णाचे पाय उचलून धरायला सांगितले आणि ते मिनिटभर मॉनिटरकडे पाहत राहिले. आकडा हलला नाही. त्यांनी रक्तदाब टिकवणारे औषध सुरू करून रुग्णवाहिका पुण्याकडे रवाना केली. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ गेले. सलाईन लावली असती तर वाचले असते, असे घरात आजही बोलले जाते.

आम्हांस ते पटत नाही. पाय उचलले की त्यांतले सुमारे ३०० मिलिलिटर रक्त हृदयाकडे वळते. ही जणू उसनी सलाईन; पाय खाली ठेवले की परत घेता येते. शिरेत गेलेली बाटली परत घेता येत नाही. हृदयाचा डावा भाग निकामी झाला असेल, तर वरून दिलेले पाणी फुप्फुसांत साचते आणि रुग्ण कोरड्या खाटेवर बुडतो. उजवा भाग बाधित असेल आणि फुप्फुसे स्वच्छ असतील, तर मोजून दिलेला थोडा द्रव रक्तदाब सावरू शकतो. वरवर पाहता दोघेही सारखेच गार, सारखेच फिकट.

आतला दाब मोजण्यासाठी जेरेमी स्वान आणि विल्यम गँझ यांनी १९७० साली टोकाला फुगा असलेली नळी पुढे आणली. रक्ताच्या ओघाबरोबर ती फुप्फुसाच्या धमनीपर्यंत वाहत जाते. शिडाची नाव पाहून स्वान यांना ही कल्पना सुचली म्हणतात. (कवींनी हेवा करावा अशी ही प्रतिमा!) पुढे २००५ मधील दोन मोठ्या चाचण्यांत, एक अतिदक्षता विभागातील आणि दुसरी हृदय दुबळे झालेल्या रुग्णांवरील, नुसती नळी घातल्याने अधिक माणसे वाचल्याचे दिसले नाही. मोजणे हा काही उपचार नव्हे. तुंबलेली रक्तवाहिनी लवकर उघडणे हाच खरा उपचार, हे १९९९ च्या एका चाचणीने दाखवले होते. म्हणूनच पुण्याची घाई.

'बॅरिस्टरचं कार्टं' अनेकांनी वाचले असेल. त्याचे लेखक डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्यापुढे महाडच्या परिसरात विंचूदंशाचे रुग्ण येत: घाम आणि उलट्यांनी शरीर कोरडे पडलेले, आणि थकलेल्या हृदयामागे फुप्फुसांत पाणी भरत चाललेले. १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेली त्यांची निरीक्षणे अशाच रुग्णांच्या खाटांशेजारी जागून टिपलेली आहेत.