लास व्हेगास येथील एक पंगत

जेवणाच्या बाबतींत आमचीं मतें प्रथमपासून ठाम आहेत. पान मांडलेलें असावें, वाढणारानें आग्रहानें वाढावें आणि जेवणारानें पानांत कांहीं न टाकतां उठावें, अशा वळणांत आम्ही वाढलों. हातांत बशी घेऊन रांगेंत उभें राहावयाचें व आपलें आपणच वाढून घ्यावयाचें, ही जी चाल लग्नकार्यांत रूढ झाली आहे, तिला आम्ही आजवर मनसोक्त नांवें ठेवीत आलों. अशा आम्हांस या पद्धतीच्या एका माहेरघरींच जेवण्याचा प्रसंग यावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

आमचे चिरंजीव अमेरिकेंत फीनिक्स शहरीं नोकरीस आहेत. सन २०२३ च्या हिवाळ्यांत आम्ही, सौभाग्यवती आणि एकोणऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री असे तिघे त्यांच्याकडे गेलों होतों. एके दिवशीं चिरंजीवांनीं मोटारींतून लास व्हेगास दाखविण्यास नेलें. वाटेंत हूव्हर धरण लागतें. त्या धरणाचें काम सुरू झालें तें १९३१ सालीं, आणि नेव्हाडा राज्यानें जुगार कायदेशीर केला तोहि त्याच सालीं. वाळवंटांतील त्या लहानशा गांवाचें नशीब या दोन गोष्टींनीं उघडलें.

बुफेची कथाहि ऐकण्याजोगी आहे. नाना पदार्थ एका मेजावर मांडून ज्यानें त्यानें वाढून घ्यावयाचें, ही स्वीडन देशांतील जुनी रीत. न्यूयॉर्क येथील १९३९ च्या जागतिक प्रदर्शनांत ती पुष्कळ अमेरिकन लोकांनीं पाहिली. पुढें १९४१ सालीं लास व्हेगासच्या हमरस्त्यावर 'एल रँचो व्हेगास' नांवाचें हॉटेल निघालें. रात्र चढली कीं जुगार खेळणारांस भूक लागे आणि ते उठून जात. त्यांचा पाय तेथून निघूं नये म्हणून या हॉटेलानें त्याच दशकांत एका डॉलरांत हवें तितकें जेवण मांडण्याची युक्ति काढली. जेवणांत खोट आली तरी बेहत्तर, ती पटावर भरून निघे! तें हॉटेल १९६० सालीं जळालें. युक्ति मात्र इतर हॉटेलांनीं उचलली. आतां तें गणितहि पालटलें आहे. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें तेथील कॅसिनो बंद झाले, आणि ते पुन्हा उघडले तेव्हां कित्येक बुफे उघडलेच नाहींत. जे राहिले त्यांतील मोठ्या हॉटेलांचे बुफे आतां खोट खाऊन जेवूं घालीत नाहींत. आम्ही गेलों तेथें माणशीं साठांहून अधिक डॉलर मोजावे लागले.

जेवणघराची वाट जुगाराच्या यंत्रांच्या रांगांमधून जाते. तेथें खिडकी नाहीं कीं भिंतीवर घड्याळ नाहीं. बाहेर ऊन आहे कीं चांदणें, हें कळण्यास मार्ग नाहीं. जेवणास मात्र दीड तासाची मर्यादा! आंत पाहतों तों एका बाजूस दिव्याखालीं ठेवलेल्या भाजक्या मांसाचे तुकडे आचारी कापून देत आहे, दुसऱ्या बाजूस बर्फावर खेकड्यांच्या नांग्यांचा ढीग, त्यापुढें चिनी, मेक्सिकन, इटालियन अशा पाकशाळाच मांडलेल्या. आम्हां शाकाहारी मंडळींस यांतून वाट काढावयाची होती. चिरंजीव प्रत्येक ठिकाणीं विचारीत होते, कारण निरुपद्रवी दिसणाऱ्या सुपांतहि मांसाचा रस असतो.

येथें आम्हांस आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे. डॉलरांचे रुपये करून आम्ही मनाशीं हिशेब मांडला आणि तो वसूल करण्याच्या निश्चयानें उठलों. बटाटे, पाव, चीज, फळें, तीन प्रकारचीं पक्वान्नें असें ताट शिगोशीग भरलें, तें अर्धें टाकलें आणि पुन्हा दुसरें भरून आणलें. ज्या घरांत पानांत शीत राहिलें तर वडील उठूं देत नसत, त्या घरचे आम्ही! त्या शहराच्या उत्तरेकडील एका वराहपालकानें १९६३ पासून पुढें अनेक वर्षें हॉटेलांतील असें उरलेलें अन्न नेऊन, उकळून आपल्या डुकरांस घातलें, असें चिरंजीवांनीं सांगितलें. आम्ही आमच्या ताटाकडे पाहिलें आणि गप्प बसलों.

मातोश्री प्रथम नुसत्याच बसून होत्या. "वाढायला कोण येणार?" असें त्यांनीं विचारलें. सौभाग्यवती त्यांचें ताट आणण्यास उठल्या, तोंच त्या म्हणाल्या, "थांब, माझी मी जातें." नातवाचा हात धरून त्या इटालियन आचाऱ्यापुढें जाऊन उभ्या राहिल्या. चिरंजीवांच्या सांगण्यावरून त्यानें निराळें भांडें घेतलें आणि भाज्या घालून पास्ता परतून दिला. देतांना हातानें खूण करून, आणखी हवें का, असें त्यानें दोनदां विचारलें. वाफा निघत असलेली ती बशी घेऊन मातोश्री आमच्या मध्यें येऊन बसल्या आणि कोणाची वाट न पाहतां जेवूं लागल्या. त्यांनीं बशींत कांहींहि टाकलें नाहीं.

परततांना मोटारींत आम्ही बुफेवर आमचें नेहमींचें प्रवचन सुरू केलें. ना आग्रह, ना आपुलकी, ज्याचा तो! मातोश्रींनीं थोडा वेळ ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "अरे, अठराव्या वर्षीं मी तुमच्या वाड्यांत आलें. वीस माणसांची पंगत उठायची आणि मग आम्ही बायका बसायचों. गार भात आणि आमटीचा तळ. तुम्हांला आग्रह आम्ही करायचों. आम्हांला कोण करणार? आज सगळ्यांच्या बरोबर बसून भांड्यांतलें गरम खाल्लें. मला बाई आवडलें."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही त्या वाड्यांत पहिल्या पंगतीस बसत असूं. होळीच्या दिवशीं तव्यावरून पानांत पडणाऱ्या पुरणपोळ्या आम्हांस अजून आठवतात, त्यांवर ओघळणारें तूप आठवतें. परंतु आंत स्वयंपाकघरांत मागून काय उरत असे, हें कितीहि आठवूं गेलें तरी आठवत नाहीं. तिकडे आम्ही कधीं पाहिलेंच नव्हतें.

हॉटेलवाल्याचें गणित आम्हांस आजहि मान्य नाहीं, आणि हॉटेलांतील आचाऱ्यानें केलेली विचारपूस म्हणजे घरचा जिव्हाळा, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. तथापि परत आल्यावर घरीं एक बदल केला आहे. आतां सर्व पदार्थ मध्यें ठेवून सगळेच एकदम बसतात, आणि शेवटच्या पोळ्या लाटून भाजण्याचें काम आमच्याकडे असतें. आमची पोळी वाटोळी होत नाहीं, क्वचित् करपतेहि. ती तव्यावरून उतरतांच आम्ही प्रथम मातोश्रींच्या पानांत वाढतों व आणखी एक घेण्याचा आग्रह करतों. तेव्हां त्या हात आडवा धरून म्हणतात, "अर्धीच वाढ. टाकायची नाहीं."