भरलेली पेटी

रिकामी पेटी गळ्यात मारली असती तर फसवणूक तिथल्या तिथे कळली असती. आम्हाला दिलेल्या चारही पेट्यांत माश्या होत्या, कान लावला की गुणगुण ऐकू येत होती. तरीही ती फसवणूकच होती, हे मी आजही लोकांना पटवत असते. बहुतेकांना वाटतं, ताई उगाच धरून बसल्या आहेत.

आमचं गाव जावळी खोऱ्यातलं. शिवाराच्या वर जांभळाचं रान. महाबळेश्वरच्या मधसंचालनालयात मी प्रशिक्षण घेतलं होतं आणि सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या परसात होत्याच. २०२२ साली मांघर हे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं आणि आमच्याकडेही जो तो पेट्यांची चौकशी करू लागला. मागणी वाढली की मधले लोक उगवतातच. त्यांतल्या एकाकडून आम्ही फेब्रुवारीअखेरीस ‘भरलेल्या वसाहती’ घेतल्या. पैसे पूर्ण वसाहतीचे मोजले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर पहिली पेटी उघडली. चौकट उन्हाकडे तिरकी धरून घरांच्या तळाशी बघायचं, हे प्रशिक्षणात पहिल्यांदा शिकवतात. राणी दिसली नाही तरी चालतं, अंडी दिसली पाहिजेत. तळाला उभं चिकटलेलं पांढरं अंडं म्हणजे राणी गेल्या तीन दिवसांत तिथून गेली. त्या पेटीत एकही अंडं नव्हतं, लहान अळीही नव्हती. सगळी पिल्लावळ मेणानं बंद झालेली. कडेला नरांची घरं, टोपणाच्या मधोमध बारीक भोक असलेली. सातेरीच्या नरघराची ती खूणच आहे. आणि पोळ्याच्या खालच्या काठाला भुईमुगाच्या शेंगेसारखी लोंबणारी दोन राणीघरं, तोंडं बंद. त्यातलं एक घाटातल्या धक्क्यांनी चेपलेलं.

चारही पेट्यांची हीच गत. विक्रेत्यानं काय केलं होतं ते मग उघडच झालं. त्याच्या पेट्या थव्याला आल्या होत्या. फुलोरा सुरू झाला, आत दाटी झाली, म्हातारी होत चाललेल्या राणीचा गंध सगळ्यांपर्यंत पुरेना झाला, की माश्या राणीघरं बांधतात आणि ती बंद व्हायच्या सुमाराला जुनी राणी निम्म्याअधिक माश्या घेऊन निघून जाते. ते टाळायला शहाणा मधपाळ आधीच पेटीची वाटणी करतो. यानंही केली. अंडी घालणारी राणी स्वतःकडे ठेवली, पोरकी बाजू आमच्या माथी मारली.

आता हिशेब बघा, कारण सगळा अन्याय या हिशेबात आहे. बंद राणीघरातून राणी बाहेर यायला आठवडाभर लागू शकतो. ती मिलनासाठी उडण्याजोगी व्हायला आणखी पाच-सात दिवस. परत आल्यावर दोन-चार दिवसांनी अंडी. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला वीस दिवसांच्या आसपास, आणि ती माशी आधी घरकाम करते. फुलावर जायला आणखी दोन-तीन आठवडे. म्हणजे फेब्रुवारीअखेरीस घेतलेल्या पेटीतली पहिली नवी माशी फुलावर पोचेपर्यंत एप्रिल संपतो. जांभूळ काय तिच्यासाठी थांबणार आहे? दरम्यान जुन्या माश्या रोज झिजून मरत असतात. वर राणी त्या एका उड्डाणात वेड्या राघूच्या चोचीत गेली की सगळंच संपलं.

एका पेटीत तसंच काहीसं झालं असावं. राणी बाहेर पडल्याचं रिकामं राणीघर सांगत होतं, पण अंडी आली नाहीत. काही दिवसांनी आली ती एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन, तळ सोडून भिंतींना चिकटलेली. कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या होत्या. त्यातून नुसते नर होतात. घरच्या पेटीतली अंड्यांची चौकट तिला दिली, फायदा झाला नाही. दुसऱ्या पेटीत मेणकिड्यानं जाळी केली. तिसरी एका दुपारी घर सोडून गेली. सातेरीचा स्वभावच तो.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “ताई, माश्या जिवंत दिल्या होत्या ना? पुढचं तुमच्या हातात.”

गावातले आबा, ज्यांचा जन्म पेट्यांत गेला, त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “वाटणी इकण्यात पाप न्हाई. म्या बी इकतो. पर सांगून इकतो, आन् निम्म्या पैशात.” मला तेव्हा राग आला. आज मीही तेच म्हणते. थवा उडून रानात जाण्यापेक्षा वाटणी होऊन कुणाच्या तरी परसात गेलेली बरी. नुसती राणीघरं खुडत बसणाऱ्यांना मी सांगते, त्यानं दिवस ढकलले जातात, माश्या पुन्हा बांधतात. वरची मधकोठी वेळेत चढवा, आत जागा द्या, आणि तरी राणीघरं दिसली तर ती बंद व्हायच्या आत जुनी राणी दोन-तीन चौकटींसह दुसऱ्या पेटीत काढा. दोन्ही पेट्या जुन्या जागेच्या डाव्या-उजव्या हाताला सारख्या अंतरावर ठेवल्या की बाहेरून येणाऱ्या माश्या दोन्हींत विभागतात. विकायची असेल तर पावतीवर लिहा: राणी अंड्यावर आहे की राणीघर आहे. एका ओळीचं काम आहे.

आणि चौथी पेटी? तिची राणी परत आली. त्या साली तिनं मध दिला नाही, पण आज माझ्याकडची सगळ्यात जोमदार वसाहत तीच आहे. तिच्या वाटण्या गावात चार घरी गेल्यात. त्यामुळे लोक म्हणतात, मग तक्रार कसली?

यंदा शेजारची सूनबाई त्याच माणसाकडे पेटी घ्यायला निघाली. मी अडवलं नाही, सोबत गेले. त्यानं मला ओळखलं. पुढ्यातली पेटी बाजूला सारून मागची आणली, मी चौकट उन्हात धरली तर घराघरात अंडी. सूनबाईला चांगली पेटी मिळाली याचा आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला. कोणती पेटी भरलेली आणि कोणती नाही, हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.