उष्टं तोंड

भिवंडीत मी यंत्रमागावर आहे. बारा तासांची पाळी. पाळी सुटली तरी कानातली खडखड सुटत नाही. अशा कानांनी मी जाझ ऐकतो म्हटल्यावर खोलीतले दोस्त हसतात. हसू देत.

एका रात्री मोबाईलवर माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट लागला. ‘आसांसर पूर लेशाफो’ या फ्रेंच सिनेमाचं संगीत. फाशीच्या तख्ताकडे जाणारी लिफ्ट, असा काहीसा त्याचा अर्थ. मला फ्रेंच येत नाही. इंग्रजीसुद्धा डिक्शनरी फाटेपर्यंत चाळून शिकलो. पण ती फुंकर कळली. मग सिनेमा शोधून बघितला.

ज्युलियन नावाचा माणूस आपल्या मालकाचा खून करतो. मालकाची बायको फ्लोरन्स आणि हा, दोघांचं आधीच ठरलेलं. पण खिडकीवर लटकलेला दोर काढायचा राहतो. तो आणायला परत लिफ्टमध्ये शिरतो तेवढ्यात पहारेकरी इमारतीची वीज बंद करून निघून जातो. शनिवारची संध्याकाळ. ज्युलियन रात्रभर आत, आणि बाहेर फ्लोरन्स पॅरिसच्या रस्त्यांवर त्याला शोधत वेड्यासारखी हिंडते. फ्लोरन्सचं काम जान मोरोनं केलंय. दिग्दर्शक लुई माल तेव्हा पंचवीस वर्षांचा. म्हणजे माझ्याहून एका वर्षानं लहानच.

या सिनेमाचं संगीत ४ आणि ५ डिसेंबर १९५७ ला पॅरिसच्या स्टुडिओत झालं. पाच जण. ट्रम्पेटवर माइल्स, ड्रमवर केनी क्लार्क. हे दोघे काळे, अमेरिकन. क्लार्क तर १९५६ मध्ये देश सोडून पॅरिसलाच राहायला आलेला. सॅक्सोफोनवर वीस वर्षांचा बार्नी विलेन, पियानोवर रने उर्त्रेजे, बासवर पिएर मिशलो. कागदावर जवळजवळ काहीच लिहिलेलं नव्हतं. समोर पडद्यावर सिनेमाचे तुकडे पुन्हा पुन्हा फिरवायचे आणि ते बघत बघत वाजवायचं. त्याच्यातून दहा तुकड्यांची छोटी रेकॉर्ड निघाली.

बोरिस व्हियाँ हा लेखक, तो स्वतःही ट्रम्पेट वाजवायचा. रेकॉर्डच्या कव्हरवर त्यानं एक गोष्ट लिहिलीय. ‘दिने ओ मोतेल’ हा तुकडा वाजवताना माइल्सच्या ओठाच्या कातडीचा तुकडा निघून ट्रम्पेटच्या तोंडात अडकला. सूर चमत्कारिक झाला. माइल्सनं तोही सूर ठेवला.

हे वाचलं आणि मी उठून बसलो. कारण तोंड हा आमच्या घरातला जुना विषय आहे.

मुंबईच्या गिरण्यांत आमच्या माणसांना सूतखात्यात घ्यायचे, विणखात्यात नाही. का? तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक तोंडानं ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. आमच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागला तर विटाळ. विणखात्यात पगार जास्त. म्हणजे विटाळात पैशाचाही हिशेब होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठं युनियनवाल्यांना तो मागण्यांत घ्यावा लागला.

आणि गावाला? रत्नागिरीकडं माझा आजा सनई वाजवायचा. शिमग्याला, पालखीपुढं, लग्नात. गावकीचं काम, नाही म्हणायची सोय नाही. त्याच्या तोंडातून निघालेला सूर देवळात जायचा, तो स्वतः पायरीखाली. सुराला विटाळ नाही, तोंडाला आहे! १९५६ ला बाबासाहेबांनी धम्म दिला. गावकी बंद झाली. आज्यानं सनई चुलीत घातली आणि मुंबईला येऊन सूतखात्यात लागला. १९८२ च्या संपात ती नोकरीही गेली.

मला आजवर वाटायचं, आज्यानं बरोबर केलं. अजूनही वाटतं. पण माइल्स ऐकल्यापासून छातीत काहीतरी अडकलंय. जाळली ती गुलामी, का त्याच्याबरोबर आपला श्वासही गेला?

माइल्सचं तोंड तरी कुठं सुटलं? सिनेमात फ्लोरन्सला रात्री पोलीस पकडतात. जवळ कागद नाहीत. पण बड्या नवऱ्याचं नाव कळतं आणि साहेब तिला अदबीनं सोडतो. आता खरी गोष्ट ऐका. २५ ऑगस्ट १९५९. ‘काइंड ऑफ ब्लू’ बाजारात येऊन आठवडा झालेला. न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर माइल्स सिगरेट ओढत उभा. एका गोऱ्या बाईला टॅक्सीपर्यंत पोचवून आलेला. पोलीस म्हणाला, चालता हो. तो म्हणाला, मी इथंच वाजवतो, ते बघा पाटीवर माझं नाव. त्याचं डोकं फोडलं, रक्ताळलेल्या कपड्यांत चौकीत नेला. तिला नवऱ्याचं नाव पुरलं, याला स्वतःचं पुरलं नाही.

आणि पॅरिसलाही डोक्यावर घेऊ नका. १७ ऑक्टोबर १९६१ ला तिथल्याच पोलिसांनी अल्जेरियन मोर्चेकऱ्यांना मारून सीन नदीत फेकलं. पाहुण्या काळ्याला खुर्ची आणि घरातल्या गुलामाला नदी, हा हिशेब आपल्याला नवा नाही.

गेल्या महिन्यात आज्याला तो ट्रम्पेट ऐकवला. आजा आता नव्वदीकडे झुकलाय. फोन कानाशी धरला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला,

“कुनी बोलावलान ह्याला?”

म्हटलं, सिनेमावाल्यानं.

“पैसं दिलान?”

दिले. वर नावही छापलं.

“मंग वाजवू दे त्याला.”

एवढंच. तो भिंतीकडं वळला. पण त्याची बोटं गोधडीवर हलत होती. एक उघडी, दोन बंद. मी बघितलं नाही असं दाखवलं आणि फोन तिथंच ठेवून पाळीला निघालो.

आता मी विणतो. धोटा माझ्या हातात असतो, कुणी अडवत नाही. एवढ्या मजुरीला विटाळ होत नाही. त्या रात्री मागांच्या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी ओठ आवळून शिट्टी वाजवायला बघितली. सूर नीट लागला नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा वाजवली.