कुंपणापलीकडचे झाड

आमच्या वसईच्या वाडीत केळी, पानवेल, मोगरा आणि तोंडली यांखेरीज परके असे फारसे काही कधी रुजले नाही. वडिलांनी बावखलाच्या पाण्यावर आयुष्यभर हीच पिके घेतली. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मात्र माझ्या हातून दोन परदेशी रोपे याच मातीत लागली. एक मधुपर्णी, म्हणजे स्टीव्हिया, आणि दुसरे टोमाटिलो. दोघांचा स्वभाव इतका वेगळा निघाला की एकाला लावलेला नियम दुसऱ्याला लावून मी दोन्हीकडे फसलो.

मधुपर्णी घरी आली ती गरजेपोटी. 2021 साली पत्नीला मधुमेह असल्याचे निदान झाले आणि चहातली साखर बंद झाली. पुढल्या वर्षी एका रोपवाटिकेतून मी हे रोप आणले. मूळचे ते पॅराग्वे देशातील डोंगराळ भागाचे. तेथील ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची पाने पेयात घालीत आले आहेत, आणि त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच ‘गोड वनस्पती’ असा आहे. स्विस वंशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मोइसेस बेर्तोनी यांनी 1899 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. पानांतून काढलेला शुद्ध अर्क साखरेच्या 200 ते 300 पट गोड असतो. अर्थात ती साखरेची जागा घेते, औषधाची नव्हे. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात.

पहिले रोप पावसाळ्यात गेले. मधुपर्णीला माती ओलसर हवी, पण मुळाशी पाणी साचलेले तिला मुळीच खपत नाही. वसईच्या पावसाने चार दिवसांत मुळे कुजवली. दुसऱ्या खेपेस कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घातले, मातीत वाळू आणि पालापाचोळ्याचे खत मिसळले आणि पावसाळाभर कुंडी पडवीत ठेवली. बी पेरण्याच्या भानगडीत पडलो नाही, कारण तिचे बी फार कमी उगवते. निरोगी फांदीचे चार बोटे लांबीचे तुकडे, खालची पाने काढून, ओल्या वाळूत सावलीत खोचले आणि त्यांना मुळे फुटली.

तिची खरी निगा म्हणजे छाटणी. दिवस साधारण 13 तासांहून लहान झाला की तिला कळ्या येतात, आणि आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवसही त्याच्या जेमतेम पुढे जातो. म्हणजे ती सतत फुलायलाच बघते. फुलली की पानांतली गोडी उतरते. म्हणून पांढरी कळी दिसताच शेंडा खुडायचा. पाने काढायची तीही फुलण्याआधी, आणि ती सावलीत वाळवायची. “अहो, एकदा तरी फुलू द्या तिला,” असे पत्नी म्हणे. मी कात्री खाली ठेवत नसे.

टोमाटिलो आले ते हौसेपोटी. मुलाने बियांचे पाकीट दिले. मेक्सिको तसा आम्हा वसईकरांना अगदीच अनोळखी नाही. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर आपले संत गोन्सालो गार्सिया क्रुसावर चढले, तेव्हा त्याच हुतात्म्यांत मेक्सिको शहराचे संत फिलिप हेही होते. त्यांच्या घरच्या अंगणातले वाळलेले अंजिराचे झाड त्या दिवशी हिरवे झाले, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. टोमाटिलो त्याच मातीतले, मक्याच्या शेतातून वाढणारे. आपल्याकडची चिरबोटी त्याच कुळातली. तीच ती, जिचे फुगीर कोष आपण लहानपणी फटकन फोडीत असू.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये बी पेरले. सहा रोपे उगवली. चार गोगलगायींनी खाल्ली, एक कोठे गेले ते कळले नाही, एक उरले. त्याला टोमॅटोसारखे खोल लावले, भरपूर ऊन दिले, फांद्या पसरू लागल्या तशा काठ्यांचा आधार दिला. डिसेंबरात पिवळी फुले आली आणि एकामागून एक गळून पडली. मी खत बदलले, पाणी कमीजास्त केले, काही फुलेना-फळेना म्हणून छाटूनही पाहिले. मधुपर्णीने हाताला लावलेली ती सवय! अखेर एका पुस्तकात कारण सापडले. टोमॅटोचे एकटे झाड फळते, टोमाटिलोचे फळत नाही. त्याचे फूल आपल्याच झाडाचे पराग स्वीकारीत नाही. जवळपास दुसरे झाड असावे लागते, आणि त्या दोघांमध्ये ये-जा करणाऱ्या मधमाश्या असाव्या लागतात.

आता नव्याने पेरायला उशीर झाला होता. मी आशा सोडली. आणि जानेवारीत एका सकाळी पाहतो तो पानांखाली हिरवे कागदी कंदील लोंबत होते!

पत्नीला विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग भिंतीकडे बोट करून म्हणाली, “सहावे रोप मी तिकडे जाऊबाईंना दिले होते. सावलीत आहे, म्हणून उशिरा फुलले.”

भिंतीपलीकडे माझा थोरला भाऊ राहतो. 2016 मध्ये वडील गेले, आणि बावखलालगतच्या चार फूट पट्ट्यावरून आमच्यात वाटणीचा वाद झाला. पुढल्या वर्षी ती भिंत मीच बांधली. तेव्हापासून आम्ही एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्साला जात होतो. शांतीची खूण करताना मी मान दुसरीकडे वळवीत असे. या साऱ्या वर्षांत बोलावेसे वाटण्याचा एकेक अंकुर मी नेमाने खुडला होता. आणि माझ्या अंगणात लागलेले प्रत्येक फळ त्याच्या झाडाचे देणे होते.

कोष भरून चिरू लागला की फळ हिरवे असतानाच तोडायचे. कोष आणि पाने खायची नाहीत. आतले फळ चिकट असते, ते धुऊन घ्यायचे. फळे भाजून मिरची, लसूण आणि कोथिंबिरीबरोबर वाटली की आंबटसर चटणी होते. 6 फेब्रुवारीला चर्च त्या हुतात्म्यांचे स्मरण करते. त्या सायंकाळी मी चटणीची वाटी घेऊन फाटकातून पलीकडे गेलो. दादा ओटीवर बसला होता. त्याने वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“आमच्याही झाडाला लागलीत,” तो म्हणाला. “बस.”

वाद अजून मिटलेला नाही. भिंतही तेथेच आहे. मात्र यंदा बी पेरले तेव्हा रोपांची वाटणी मी स्वतः केली, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर, उन्हाची जागा पाहून लावली. मधुपर्णीची एक फांदीही पत्नीच्या आग्रहाखातर यंदा फुलू दिली आहे. तिच्यावर मधमाश्या येतात.