कँटरबरीची कथलाची कुपी

लंडनच्या आग्नेयेस सुमारे ९० किलोमीटरवर कँटरबरी हे प्राचीन नगर आहे. आज अँग्लिकन पंथीयांच्या ताब्यात असलेल्या तेथील कॅथीड्रलमध्ये आम्ही गेलो, तेव्हा पूर्वेकडील मोकळ्या फरशीवर एकच मेणबत्ती तेवत होती. संत थॉमस बेकेट यांच्या पवित्र अवशेषांची सुवर्णमंडित, रत्नजडित पेटी १२२० पासून याच जागी होती.

ख्रिस्तसभेच्या हक्कांसाठी दुसऱ्या हेन्री राजाशी झगडणाऱ्या या आर्चबिशपांचा राजाच्या सरदारांनी २९ डिसेंबर ११७० रोजी याच मंदिरात वध केला. ११७३ साली पोप तिसरे अलेक्झांडर यांनी त्यांना संतपद दिले आणि यात्रेकरूंची रीघ लागली. त्यांच्या पावलांनी येथील दगडी पायऱ्या झिजून गेल्या आहेत.

वाचकहो, यात्रेकरू रिक्तहस्ताने परतत नसे. कोरीव दगडी साच्यात वितळलेले कथील व शिसे ओतून कारागीर लहानशा कुप्या बनवीत. संतांच्या रक्ताचा अंश मिसळला आहे अशा श्रद्धेने जपलेले पाणी तीत भरून देत. सद्भक्त रुग्णांचा उत्तम वैद्य थॉमस, अशा अर्थाची लॅटिन अक्षरे काही कुप्यांवर असत. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला स्वतः यात्रेस जाणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी ही कुपी गळ्यात बांधून कोसचे कोस वाहून नेली जाई.

पुढे स्वस्त बिल्ले प्रचारात आले. कोणावर मुकुटधारी आर्चबिशपांचे मस्तक, तर कोणावर त्यांचा प्राण घेणारी तलवार. टोपीला वा अंगरख्याला टाचलेला बिल्ला पाहून वाटेवरील लोक यात्रेकरूस ओळखीत. कोंपोस्तेलाहून येणारा शिंपला धारण करी. रोमहून येणारा संत पेत्र व संत पौल यांची प्रतिमा.

१५३८ साली आठव्या हेन्रीच्या आज्ञेने ते पूजास्थान उद्ध्वस्त झाले. सोने व रत्ने राजकोषात गेली. तथापि गरिबांच्या त्या कथलाच्या वस्तू टिकल्या. लंडनला थेम्स नदीच्या चिखलात असे बिल्ले व कुप्या शेकड्यांनी सापडल्या असून आज त्या वस्तुसंग्रहालयांत जतन केल्या आहेत.

जुन्या गोव्याहून परतणारी आपली माणसे घरच्या वृद्ध आजीसाठी एखादे पदक आठवणीने आणतात. ते तिच्या हाती देताना घटकाभर तिच्याजवळ बसावे व यात्रेची सारी हकिगत तिला सांगावी. कँटरबरीच्या यात्रेकरूची यात्राही रुग्णाच्या उशाशी ती कुपी ठेवल्यावरच पुरी होत असे.