फॉर्मवरचं खोटं



आज जरा मनातलं लिहिते. परदेशात नव्याने गेलेल्या, किंवा मुलाबाळांना घेऊन जाणार असलेल्या आपल्या बायकांना उपयोग होईल म्हणून.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीहून कॅलिफोर्नियात आलो. मुलगा सात वर्षांचा, मराठी शाळेत पहिली झालेला. तिथल्या शाळेत नाव घालताना एक फॉर्म मिळाला. त्यात घरच्या भाषेबद्दल प्रश्न होते. मूल बोलायला लागलं तेव्हा कोणती भाषा बोललं? घरी जास्त करून कोणती बोलतं? तुम्ही त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलता? शेजारच्या ताई म्हणाल्या, "सगळीकडे इंग्लिश लिहून टाक. नाहीतर परीक्षा घेतील आणि वेगळ्या वर्गात बसवतील. मग शिक्का बसतो." हेही म्हणाले, "लिही तसंच, कशाला कटकट?" मी लिहिलं.

मुलगा नेहमीच्या वर्गात बसला. बाई म्हणायच्या, फार शांत मुलगा आहे, काही त्रास नाही. मीही खूश. बाराचा पाढा घडाघडा म्हणणारा मुलगा शाब्दिक गणितं मात्र चुकवायला लागला. 'किती कमी' विचारलं की हा बेरीज करायचा, कारण 'फ्युअर' हा शब्दच त्याला कळत नव्हता. आम्हाला वाटलं, लक्ष देत नाही. मी रागावले, एकदा हातही उगारला.

मार्चमध्ये एक दिवस दप्तर धुवायला घेतलं, तर तळाशी चार-पाच चुरगळलेले कपकेक, वाळून दगड झालेले. वर्गातल्या मुलांच्या वाढदिवसांचे. "खाल्ले का नाहीस? टाकलेस तरी का नाहीस?" तो म्हणाला, "अंडं असेल तर? मला विचारता येत नाही. आणि टाकले तर बाईंना वाईट वाटेल."

सात महिने माझं लेकरू एक वाक्य विचारू शकत नव्हतं, आणि ते कोणाला कळू नये याची व्यवस्था मीच करून ठेवली होती. फॉर्मवर सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन खरं सांगितलं. कोणी रागावलं नाही. त्याची चाचणी झाली आणि रोज अर्धा तास पाच मुलांच्या गटात तो जायला लागला. एक मेक्सिकोचा, दोन व्हिएतनामचे, एक मुलगी चीनची. सगळ्यांचंच इंग्रजी मोडकं, त्यामुळे कोणाला कोणाची लाज नाही. तिथे तो बोलायला लागला. पहिलं काय शिकून आला असेल? "यात अंडं आहे का?"

पण गोष्ट इथेच संपली असती तर मी वेगळ्या वर्गाचे गोडवे गायले असते. तिसरीत त्या गटाची वेळ विज्ञानाच्या तासावर आली. वर्गात बिया रुजवत होते आणि हा दुसऱ्या खोलीत. परत यायचा तेव्हा पेले खिडकीत मांडून झालेले. त्यात त्याच्या नावाचा पेला नसायचा. शेजारच्या ताईंची भीती अगदीच खोटी नव्हती. मी बाईंना भेटून वेळ बदलायला सांगितली, दोनदा सांगितल्यावर बदलली.

मग मी या विषयाची माहिती काढायला लागले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात, 'लाउ विरुद्ध निकोल्स'मध्ये, १९७४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंग्रजी न कळणाऱ्या मुलाला बाकीच्यांसारखीच पुस्तकं नि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक होत नाही. पण मदत नेमकी कशी करायची, हे त्या निकालाने ठरवून दिलं नाही. म्हणून वाद चालूच राहिला. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ठरवलं की अशा मुलांना साधारण वर्षभर वेगळं बसवून इंग्रजीतूनच शिकवायचं आणि मग मुख्य वर्गात पाठवायचं. आम्ही गेलो त्याच वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, दुसऱ्या मतदानाने ते बंधन सैल केलं. कॅनडाचे अभ्यासक जिम कमिन्स सांगतात की खेळण्याबोलण्यापुरती भाषा दोनेक वर्षांत येते, पण पुस्तकातली, धड्यातली भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. हे वाचलं आणि शाब्दिक गणितासाठी उगारलेला हात आठवला.

धाकटी २०२२ मध्ये बालवर्गात गेली. तिच्या फॉर्मवर मी सगळीकडे 'मराठी' लिहिलं. तिच्या बाई वर्गातच कोपऱ्यातल्या टेबलावर चार मुलांना घेऊन बसायच्या. चित्रं दाखवायच्या, अर्धं वाक्य लिहून द्यायच्या आणि उरलेलं मुलांकडून बोलून घ्यायच्या. बाकी दिवसभर ती सगळ्यांबरोबर. विज्ञान चुकलं नाही, मैत्रिणी तुटल्या नाहीत.

माझं मत विचाराल तर, नव्याने आलेल्या मुलाला लहान गट हवाच, तिथे जीभ सुटते. पण दिवसभर वेगळं नको आणि कोणत्या विषयाच्या बदल्यात तर नकोच. शाळेला तीन गोष्टी विचारा: गट रोज किती वेळ, त्या वेळात वर्गात काय चालतं, आणि मूल यातून बाहेर कधी पडणार? कॅलिफोर्नियात अशी एकवीस किंवा जास्त मुलं असलेल्या शाळेत पालकांची सल्लागार समिती असावीच लागते. तिथे जाऊन बसा. आपलं इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, दुभाषी मागता येतो.

आणि फॉर्मवर मराठीच लिहा.

गेल्या पर्युषणात उत्तम सत्याच्या दिवशी मी हे सगळं मुलासमोर बोलले. आता तो माझ्यापेक्षा उंच आहे. क्षमा मागितली, त्या फॉर्मची आणि त्या हाताची. तो हसला, म्हणाला, "आई, फॉर्मचं मला माहीतच नव्हतं." मग जरा थांबून म्हणाला, "हाताचं आठवतंय."